अठ्ठ्याण्णववर थांबलेला ऑक्सिजन

स्क्रीनवर पास्कल अंकलचा ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव होता आणि मला घाम फुटला होता. अठ्ठ्याण्णव हा उत्तम आकडा. पण तो हलत नव्हता. जिवंत माणसाचा आकडा सत्त्याण्णव होतो, पुन्हा अठ्ठ्याण्णव होतो, मध्येच नव्व्याण्णवला शिवून येतो. सकाळपासून मी तेच बघत बसले होते. आता सगळ्याच बेडचे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे गप्प होते.

वसईतल्या एका छोट्या हॉस्पिटलचा हा आयसीयू. प्रत्येक बेडशी एक मॉनिटर असतो. त्या सगळ्यांचे आकडे सिस्टरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एकत्र दाखवायचे, हे आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचं काम. स्क्रीन अडकते, आणि तीही रविवारी, अशी तक्रार होती. म्हणून मी रविवारीच आले होते. मी इथून जवळच्या वटारची, त्यामुळे जाण्यायेण्याचं भाडं वाचतं, हेही माझ्या बॉसनी, प्रधान सरांनी, हिशेबात धरलं असणार.

"सिस्टर, पास्कल अंकलना जरा आत जाऊन बघता?" मी म्हटलं.

फिलोमिना सिस्टर चार्ट भरत होत्या. "का? छान आहे की अठ्ठ्याण्णव. माउसपण हलतोय."

"माउसचा बाण विंडोजचा असतो. आकडे आमचे आहेत, आणि ते कधीचे आहेत मला माहीत नाही."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पेन टाकून धावल्या. मी काचेपाशी गेले. बेडजवळच्या मॉनिटरवर एकाहत्तर होतं. मास्क गळ्याशी घसरला होता, ओठ निळे पडले होते. त्या मॉनिटरचा आवाज बारीक करून ठेवलेला, कारण तो सारखा वाजला की पेशंट घाबरतात. मुख्य अलार्म आमच्या सॉफ्टवेअरचा, त्यावर सगळ्यांचा भरवसा.

अंकलची बायको, रोझी आंटी, माझ्या मागेच उभी होती. "बरा हाय ना गं तो? स्क्रीनवर बरा दिसतो," ती म्हणाली. सांडोरचा केळीच्या बागा करणारा धडधाकट माणूस, न्युमोनियातून उठत आलेला, आणि आमच्या प्रोग्रामसमोर गुदमरतोय. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

डॉक्टर आले. आकडा हळूहळू चढला. नव्वदच्या पुढे गेल्यावर मी खाली बसले.

मग प्रधान सरांना फोन लावला.

"रीस्टार्ट कर आणि निघ," ते म्हणाले.

"सर, माणूस जात होता."

"मग शोधल्याशिवाय उठू नकोस," ते म्हणाले.

रीस्टार्ट केल्यावर आकडे पुन्हा हलू लागले, पण मी त्यांच्यावरून नजर काढली नाही. आमचा प्रोग्राम कॉम्प्युटरची सगळी मेमरी खाऊन बसला होता, एवढं कळलं होतं. याला मेमरी लीक म्हणतात. लग्नाला मांडववाल्याकडून खुर्च्या आणायच्या, पाहुणे उठले तरी परत पाठवायच्या नाहीत, आणि नवे पाहुणे आले की पुन्हा नव्या आणायच्या. शेवटी अंगणात पाय ठेवायला जागा उरत नाही. पण ऑफिसात हाच प्रोग्राम आठवडाभर चालवला तरी काही होत नव्हतं.

"सिस्टर, रविवारी तुम्ही वेगळं काय करता?"

"वेगळं काय? चर्चमधली मिस्सा सुटली की अख्खं गाव भेटायला येतं. आत एकालाच सोडतात. बाकीच्यांना मी इथेच स्क्रीन दाखवते. ज्याचा पेशंट त्याचा ग्राफ मोठा करायचा, दाखवायचा, फुली मारायची. तेवढंच लोकांना बरं वाटतं."

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर घरात भांडण आहे असं लोक समजतात. मावश्या, भाचे, धर्ममाता, चर्चच्या गायनमंडळातले, सगळे आले होते. प्रत्येकासाठी ग्राफची खिडकी उघडली होती. फुली मारल्यावर ती फक्त दिसेनाशी व्हायची. आत ती जिवंतच, दर सेकंदाला आपला ग्राफ रेखाटत बसलेली. ऑफिसात टेस्टिंग करताना ती आम्ही उघडली होती, पण इतक्या नातेवाइकांसाठी नाही.

फुली मारली की खिडकी खरोखर मिटेल, अशी दुरुस्ती केली. शिवाय एक वेगळा छोटा प्रोग्राम लिहिला. आकडे ताजे येईनासे झाले की स्क्रीन लाल करायची, आकडे झाकायचे आणि भोंगा वाजवायचा.

"क्लायंट घाबरेल," सर फोनवर म्हणाले.

"घाबरू दे, सर."

डॉक्टरांनी घरच्यांना खरं ते सांगितलं. तरी काही दिवसांनी, मी दुरुस्ती तपासायला गेले होते तेव्हा, अंकलना घरी नेताना रोझी आंटीने माझा हात धरला. "देवाने आनी तुझ्या कॉम्प्युटरने वाचवला गं त्याला."

"कॉम्प्युटर अडकला होता, आंटी."

"मग एकट्या देवाने," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

ऑफिसात सरांना वाटत होतं, अपडेट या एकाच हॉस्पिटलात टाकावा. "बाकीच्या हॉस्पिटलांतून एकही तक्रार नाही," ते म्हणाले.

"तक्रार करायला स्क्रीन अडकलीय हे कोणाला तरी कळायला हवं ना, सर?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याच दिवशी अपडेट सगळीकडे गेला. तोवर कुठे कुठे काय झालं असेल, हे आम्हाला माहीत नाही आणि आता कळायचंही नाही. एवढं मात्र शिकले की स्क्रीन काळी पडली तर सिस्टर पेशंटकडे धावते. स्क्रीनवर अठ्ठ्याण्णव दिसत राहिलं तर ती चार्ट भरते.