इंजिनाचा घाम

माझा नवरा रविवारी सकाळी उठला की चहाच्या आधी खाली जाऊन गाडीखाली वाकून बघायचा. आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, खाली खांबांचं पार्किंग, आणि त्यात त्याची ती लांबच्या प्रवासाची धिप्पाड मोटारसायकल. तिच्याखाली त्याने एक पुठ्ठा अंथरून ठेवला होता. पुठ्ठ्यावर तेलाचा डाग वाढलेला दिसला की हा माणूस वर येऊन गप्प बसायचा, आणि मग त्या दिवशी घरात कुणाशी धड बोलायचा नाही. मी त्या गाडीला लग्नापासून सवत म्हणते. पूर्वी लाडाने म्हणायचे.

लाड संपला तो माळशेज घाटात. आम्ही दोन दिवस फिरून परत येत होतो, घाट उतरताना एका वळणावर मागचं चाक सटकलं आणि आम्ही आडवे झालो. आम्ही म्हणजे खरं तर मी. त्याचा कोपर सोलवटला, जॅकेट फाटलं, बस. माझ्या उजव्या पायात सळई बसली. तो हॉस्पिटलमध्ये पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, की मी वेगात नव्हतो, टायरवर तेल आलेलं होतं. आणि मी पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होते, की अंधाराच्या आत घरी पोचायची घाई कुणाला होती रे, मला की तुला?

आता हे कसं ठरवायचं? गाडी रस्त्यावर आडवी पडली तेव्हाच तेल सगळीकडे सांडलं होतं. टेम्पोत घालून कल्याणला आणेपर्यंत ती नखशिखांत माखली होती. आधी गळत होतं की पडल्यामुळे गळलं, हे कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. त्यामुळे आमच्या घरात ते भांडण कायमचं राहायला आलं. मी बोलायची थांबले तरी माझा पाय बोलायचा. जिना चढताना मी कठड्याला धरलं, की तो मान दुसरीकडे वळवायचा.

सासूबाई माझ्या बाजूने होत्या. हे ऐकून बायका हसतात, पण खरंच होत्या. मी बिछान्यावर पडून होते तेव्हा त्यांनी माझं सगळं केलं, अगदी सगळं. भांडं धरण्यापासून वेणी घालण्यापर्यंत. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांची बोंब, तरी रात्री मी कूस बदलली की त्या उठून बसायच्या. आणि मुलाला मात्र येता-जाता ऐकवायच्या. सून म्हणजे काय सिमेंटची गोण आहे का, मागे टाकली आणि सुटलास? माझ्याकडे वळून म्हणायच्या, "माझ्या देवाची कृपा गो, म्हणून पायावर निभावलं." नवरा ताट उचलून मोरीकडे निघून जायचा. मला तेव्हा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

गाडी कोपरीतल्या त्याच्या जुन्या मेकॅनिककडे दुरुस्त झाली. वाकलेलं सरळ झालं, फुटलेलं बदललं. पण तेल गळायचं थांबेना. चेन ज्या लहान चक्रावरून फिरते त्याच्यामागे इंजिनाचं तेल अडवणारं एक रबरी सील असतं, तिथून ते झिरपायचं, चेनवर यायचं आणि चेन ते मागच्या टायरवर उडवायची. मेकॅनिकने सील बदललं. महिनाभर ठीक चाललं, मग पुन्हा पुठ्ठ्यावर डाग. परत नवीन सील, परत तेच. शेवटी तो म्हणाला, साहेब, एवढी मोठी गाडी आहे, थोडा घाम येतोच, चालवा बिनधास्त.

हे वाक्य नवऱ्याने घरी येऊन सांगितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घाम म्हणे. याच घामावर माझा पाय मोडला असं तू म्हणतोस, आणि आता चालवा बिनधास्त? एकतर ते तेल खरं कारण आहे, मग ते मुळापासून शोध. नाहीतर मान्य कर की तू जोरात होतास, आणि विकून टाक ही गाडी. मी तिच्यावर बसणार नाही, आणि तूही एकटा लांब जाणार नाहीस. असं मी बोलले, आणि मनापासून बोलले. तो गॅलरीत गेला. मग आत येऊन म्हणाला, शोधतो.

तेव्हापासून त्याने रविवार गाडीला वाहिले. इकडे सोसायटीत पाण्याचे टँकर मागवायची पाळी, आणि हा बादली-बादली पाण्याने इंजिन धुतोय म्हटल्यावर शेजारचे बघणारच. मग तो रॉकेलचा बोळा घेऊन पुसायला लागला. इंजिन कोरडं केलं की त्यावर माझी टाल्कम पावडर भुरभुरवायची, गाडी फिरवून आणायची, आणि पावडर कुठे ओली झाली ते बघायचं. ही युक्ती चांगली, पण कल्याण-शीळ रस्त्यावर जाऊन आला की पावडर कुठली आणि रस्त्याची धूळ कुठली, काही कळायचं नाही. मग पहाटे रस्ता शांत असताना जायला लागला. पावडरीचा डबा संपला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, याला लहानपणी एवढी पावडर लावली नव्हती. त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

तरी उत्तर तेच यायचं. ओलं दिसायचं ते त्या सीलपाशीच, आणि सील तर कोरं करकरीत. मला आतून वाटायला लागलं की याला काही सापडणार नाही, आणि सापडलं नाही तर पुढे काय, ते मला बघायचं नव्हतं. मला तो खोटारडा निघायला नको होता. पण हे मी त्याला सांगितलं नाही, कारण सांगायला तोंड नव्हतं.

एका रविवारी मी खाली गेले ती त्याला जेवायला बोलवायला. तो म्हणाला, आलीच आहेस तर टॉर्च धर. मला उकिडवं बसता येत नाही, म्हणून वॉचमनचं प्लास्टिकचं स्टूल घेऊन मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला बसले. त्याने इंजिन चालू केलं आणि वरचं तेल भरायचं झाकण फिरवून काढलं. आतून फस्सकन वारा आला, त्याच्या चष्म्यावर तेलाचे शिंतोडे उडाले. त्याने त्या भोकाच्या तोंडावर तळवा धरला तर तळवा उचलला जात होता. त्याचा चेहरा बदलला. आतला दाब बाहेर पडायला एक रबरी पाईप असतो, त्यातून इंजिन श्वास सोडतं, असं त्याने मला भराभर सांगितलं. तो कुठेतरी बंद झालाय. इंजिन आतल्या आत कोंडलंय आणि जिथून फट मिळेल तिथून तेल ढकलतंय. कितीही सीलं बदलली तरी काय होणार?

तो वरून पाईप चाचपत होता, मी खालून टॉर्च मारत होते. इंजिनाच्या मागे, आडव्या नळीआड, पाईपला काहीतरी काळं चिकटलेलं मला दिसलं. मातीचा गोळा वाटला. मी बोटाने खरवडलं तर खाली कापड लागलं. कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके होते. डोळे.

ती काळी बाहुली होती. शेजारी दोन बिब्बे. आणि हे सगळं तांब्याच्या तारेने पाईपला असं आवळलेलं, की उष्णतेने मऊ पडलेला तो जुना पाईप त्या जागी पार चपटा झाला होता. तार मी ओळखली. जळालेल्या पंख्याची ती तार सासूबाई काचेच्या बरणीत जपून ठेवतात.

नवऱ्याने पक्कड घेऊन तार तोडली. पाईप हळूहळू फुगून गोल झाला. त्याने पुन्हा इंजिन चालू केलं, त्याच भोकावर तळवा धरला. तळवा जागच्या जागी राहिला. मग त्याने तिथूनच मेकॅनिकला फोन लावला, स्पीकरवर. मेकॅनिक म्हणाला, ते होय, बघितलेलं की मी. नजरेचं बांधलंय घरच्यांनी, आपण कशाला हात लावायचा? एकदा तर सैल झालेलं, मीच दोन पिळे जास्त मारले. भला माणूस. मोटारसायकलचा नट न नट खोलला आणि त्या बाहुलीला तेवढा धक्का लावला नाही. मला हसावं की रडावं कळेना.

नवरा मात्र हसला नाही. त्याने बाहुली मुठीत घेतली आणि जिन्याकडे चालू लागला. इतके महिने मी ऐकून घेतलं, आता आईने ऐकायचं, एवढंच म्हणाला. मी मागून लंगडत गेले. मला भीती वाटत होती, आणि ती कुणासाठी हे मला त्या जिन्यावर नीट कळत नव्हतं. त्याचा हक्क होता. बायकोने आणि आईने मिळून त्याला आमच्या घरात गुन्हेगार केलं होतं. आता त्याच्या मुठीत पुरावा होता.

सासूबाई जमिनीवर बसून मोडाचे वाल सोलत होत्या. त्याने मूठ उघडली. तेलाने काळी झालेली ती चिंधी बघून त्यांनी वाल बाजूला सारले आणि दोन्ही हात पुढे केले.

"का काढलीस रे?" त्या म्हणाल्या. "तू हँडलवरची फेकून दिलीस, गाडीला शोभत नाही म्हणालास. म्हणून तुम्ही माळशेजला निघालात त्याच्या आदल्या दिवशी मीच खाली जाऊन आत बांधली, तुला दिसू नये अशी. ती होती म्हणून ही जिवंत घरी आली."

आदल्या दिवशी. म्हणजे पाईप घाटाच्या आधीच आवळलेला होता, तेल पडण्याआधीच टायरवर येत होतं. आमच्या भांडणाचं उत्तर त्यांनी स्वतःच देऊन टाकलं, आणि त्यांना पत्ताही नव्हता. त्या बाहुलीवरचं तेल पदराने पुसत होत्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या खाली देवळात जात नाहीत, त्या गाडीमागे वाकून बसल्या असणार, अंदाजाने हात घालून तार पिळली असणार. चांगली घट्ट, रस्त्यात सुटू नये म्हणून.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. तो सांगायला तोंड उघडत होता. मला एकदम सगळं दिसलं. त्याने सांगितलं तर ती बाई पुन्हा झोपणार नाही. माझी प्रत्येक पायरी, माझी प्रत्येक कळ त्या स्वतःच्या नावावर लावून घेतील आणि त्यातच संपतील. आणि नाही सांगितलं, तर हा माणूस आईच्या लेखी जन्मभर बायकोला पाडणारा राहणार. ते माझं सांगणं नव्हतं, त्याचं होतं. मी फक्त मान अगदी थोडी हलवली, नको अशी. त्याच्यावर हा अन्यायच होता, आणि तो मी डोळ्यांनी मागितला.

"तार तुटली होती, आई," तो म्हणाला. "नवीन करून दे. पुढे हँडलला बांधू, मी काढणार नाही."

मग तो मोरीत हात धुवायला गेला आणि फार वेळ धूत बसला. मी त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. पाण्याचा आवाज होता म्हणून सासूबाईंना ऐकू गेलं नाही. तो पाठमोराच म्हणाला, "तू तरी म्हण. मी जोरात नव्हतो." मी म्हणाले, "नव्हतास." तो ओक्साबोक्शी रडला. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं.

त्यानंतर त्याने पाईप नवा घातला, सील पुन्हा बदललं, टायर बदलला. पुठ्ठाही नवा अंथरला आणि तो कोराच राहिला. मी तरी लगेच बसले नाही. कारण कळलं म्हणून पायाला ते वळण थोडंच विसरता येतं? शेवटी वर्तकनगरला बहिणीकडे जेवायला जायचं निघालं तेव्हा मी हेल्मेट काढून पुसलं. तो खाली जाऊन टायर दाबून बघून आला.

सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेटपर्यंत आल्या. हँडलवर त्यांची नवी बाहुली लटकत होती, टाके घातलेल्या डोळ्यांची. त्यांनी ती सरळ केली, माझ्या पायावरून हात फिरवला आणि मग मुलाकडे बोट करून म्हणाल्या, "या खेपेला तरी हळू चालव हो. मागच्यासारखं करू नकोस."

मी मागे बसले होते. माझा हात त्याच्या पाठीवर होता, त्यामुळे त्याने श्वास घेऊन अडवून धरलेला मला कळला.

"हो आई," तो म्हणाला, आणि त्याने गाडी गेटमधून बाहेर काढली.