पाव्हण्याचा आहेर

मी संशयी माणूस हाय, हे अख्ख्या गावाला ठाऊक हाय. मेंढरामागं जलम गेलेला माणूस संशयी न्हाई झाला तर त्याचा कळप टिकत न्हाई. आमचा बाप सांगायचा, कुत्रं भुकतंय तवर लांडगा लांब हाय समजायचं. भुकायचं थांबलं की उठायचं आन् काठी हातात घ्यायची.

गावानं आमची चेष्टा करायचं थांबवलं, तवा मला ते कुत्रं आठवलं.

आमची म्हणजे माझी आन् त्याची. तो मूळ नांदूरघाटचा, आमच्यासारखाच मेंढरं राखणाऱ्या घरातला. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की चकलांब्याकडचे शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवायला बोलवायचे. एका वर्साला आमचा आन् त्याचा कळप एकाच रानात बसला, आन् तिथून उठताना तो माझ्यासंगं लिंबागणेशकडं आमच्या वस्तीवर आला. त्याला आता वीसेक वर्सं झाली. तवापासून कळप एक, चूल एक. लगीन त्यानंबी केलं न्हाई आन् मीबी केलं न्हाई. माझा त्याच्यावर जीव हाय. हे मी त्याला कधी तोंडानं बोललो न्हाई, बोलायची गरज पडली न्हाई. गावानं त्याला पहिल्या दिशी पाव्हणा म्हणलं, आन् आजबी पाव्हणाच म्हणतं.

चेष्टा लई व्हायची. मी हॉटेलात एकटा गेलो की कुणीतरी म्हणणारच, "काय बे, मालकीणबाई कुठं ऱ्हायल्या? भांडण झालं का काय?" तो संगं असला की तोच उत्तर द्यायचा, "मालकाला रोज भाकरीवर तूप लागतंय, म्हणून रुसलो हाय." लोक हसायचे, आमी हसायचो, चहा पिऊन घरी यायचो. हसण्यावारी नेलेल्या गोष्टीकडं कुणी डोळे वटारून बघत न्हाई. वीस वर्सं आमी त्या हसण्याच्या आडोशाला सुखानं ऱ्हायलो.

मग दिल्लीचा तो खटला टीव्हीवर आला. हॉटेलातल्या टीव्हीत आठ-दहा माणसं एकमेकावर वरडायलेली. एका म्हाताऱ्यानं इचारलं, "हे कावून भांडायलेत?" हॉटेलवाला कप धूत धूत म्हणला, "बाप्या-बाप्याचं, बाया-बायांचं लगीन कायद्यात बसवा म्हणतेत." आमी दोघं बाकड्यावर शेजारी बसलतो. हॉटेल गप झालं. माणसं भरून होती, पण एकानंबी आमच्याकडं बघितलं न्हाई. मला तेच खटकलं. एवढ्या माणसात एकानं तरी बघावं का न्हाई?

सरपंच म्हणले, "आपल्याकडं असलं काही न्हाई बाबा." आन् आमच्याकडं न बघताच हॉटेलवाल्याला म्हणले, "त्या दोघांना चहा दे." सरपंचांनी उभ्या जलमात मला चहा पाजला नव्हता. मी कपाला हात लावला न्हाई. पाव्हण्यानं दोन्ही कप पिऊन टाकले.

त्या दिवसापासून चेष्टा बंद. त्याच्या जागी राम राम आला. पोरंसुदिक आडवी आली की वाट सोडायला लागली. मी त्याला म्हणलं, "काहीतरी शिजायलंय." तो म्हणला, "तुला मान दिला तरी पोटात दुखतंय."

पुढं काही महिन्यांनी निकाल लागला. कोर्टानं सांगितलं की ह्या लगनाला मान्यता देणं आमच्या हातात न्हाई, कायदे करणारांनी बघावं. टीव्हीवरची माणसं दोन दिवस वरडली आन् मग दुसऱ्याच गोष्टीवर वरडायला लागली. पाव्हणा म्हणला, "जाऊ दे, आपल्याला ह्या वयात कुठं मांडव घालायचाय?"

मला मांडवाची पडली नव्हती.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात माझ्या छातीत कळ आलती. धाकटा भाऊ शेजारच्याच घरात ऱ्हातो, त्यानंच मला मोटरसायकलवर आपल्या पुढं बसवून, दोन्ही हातांच्या कवळ्यात धरून गाडी हाणत बीडला नेलं. वाटेत तो रडत होता. माझा जीव चालला होता आन् माझ्या मनात काय आलं म्हणाल, तर ह्यो रडायलाय कावून? डाक्तरनं गोळ्या दिल्या, म्हणला जलमभर घ्यायच्या. मी एक दिवस घ्यायचो आन् दोन दिवस न्हाई. जलमभर घ्या म्हणणाऱ्या औषधावर माझा इस्वास बसत न्हाई. पाव्हणा त्यावरून रोज डोकं खायचा, गोळी तळहातावर घेऊन गोठ्यापस्तोर मागं यायचा.

आन् निकाल लागला त्याच वर्सी आमचं घर पुरं झालं. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढं ओटा. एक एक वीट त्यानं डोक्यावरून आणलेली. पण जागा बापाची. वाटणी झालेली न्हाई. उद्या मी गेलो तर माघारी भाऊ, आन् भावामागं त्याची पोरं. पाव्हण्याचं नाव कुठंच न्हाई. बीडच्या एका वकिलाला इचारलं, तो म्हणला मृत्युपत्र करा. मी म्हणलं, वाटणी न झालेल्या जागेचं करता येतं का? तर तो टेबलाचा खण उघडून कायतरी हुडकायला लागला. मी उठून आलो. आन् कागद केला तरी तो पेटीत ऱ्हाणार, माणसाला गावात ऱ्हावं लागतं.

गावात घर कुणाचं, हे आमच्याकडं एकाच गोष्टीवरून ठरतं. वास्तुशांतीला पाटावर कोण बसलतं? भावकीत कितीबी भांडणं होऊ द्या, एखादा म्हातारा तेवढंच इचारतो आन् भांडण मिटतं.

म्हणून भाऊ आला आन् म्हणला, "दादा, पूजेला जोडपं लागतं. मी आन् ही बसतो पाटावर. तुमी तब्येत सांभाळा," तवा माझं डोकंच फिरलं. पाया खांदताना ह्यानं एक पाटी उचलली न्हाई. आन् आता पाटावर बसायला बरा तयार! पण त्याला तोंडावर काय म्हणणार? बोलणं किती गोड, किती रीतीचं. भावजय खाली मान घालून उभी. मी म्हणलं, "बघू, गुरुजीला इचारतो."

गुरुजी आले, चहा पिला आन् म्हणले, "एकट्या पुरुषाला बसता येतं की. कमरेला सुपारी खोचायची. तीच पत्नीच्या जागी."

"चालतं?"

"शास्त्रानं चालतं."

पाव्हणा तिथंच तांब्या घेऊन उभा होता. गुरुजी गेल्यावर त्यानं हसून हसून पोट धरलं. "वीस वर्सं भाकरी मी भाजली, आन् बायको कोण, तर सुपारी!" मला हसू आलं न्हाई. मला लई राग आला. सुपारीला भाकरी येत न्हाई. माझ्या छातीत कळ आली तर सुपारीला कळत न्हाई. तरी ती चालते. जित्ता माणूस चालत न्हाई. पण निदान भाऊ तरी पाटावर बसणार न्हाई, म्हणून मी सुपारीला हो म्हणलं.

वास्तुशांतीला अख्खं गाव आलं. मी सोवळं नेसून, कमरेला सुपारी खोचून पाटावर बसलो. ती सारखी टोचत होती. पूजा करता करता मी दाराकडं बघत होतो, कोण काय कुजबुजतंय, कोण कुणाला कोपरखळी मारतंय. एका जागी गुरुजी सवयीनं म्हणून गेले, "पत्नीनं यजमानाच्या हाताला हात लावावा." आन् मग तेच थांबले. मी दारातून भाईर बघितलं. पाव्हणा चुलवणापाशी पुऱ्या तळायला बसलता, घामानं सदरा भिजलेला. त्याला काही ऐकू गेलं न्हाई.

जेवणं व्हायच्या आधी आहेर सुरू झाले. आमच्याकडची रीत सगळ्यांना पाठ हाय. सोयरे-भावकीचे लोक दाराकडून येऊन घरधन्याला आहेर करतेत, टावेल आन् टोपी. मग घरचा माणूस देवाकडं पाठ करून आलेल्या पाव्हण्यांना परतीचा आहेर करतो. त्यातबी टावेल आन् टोपीच. वस्तू एकच. कोण कुठल्या बाजूला उभं हाय, त्यावरून कळतं की घरचा कोण आन् निरोप घेऊन जाणारा कोण.

भावानं आधी मला कुंकू लावलं, टोपी घातली, टावेल हातात दिला, पाया पडला. मला वाटलं झालं. तर त्यानं दाराकडं बघून हाक मारली, "पाव्हणं, इकडं या जरा."

पाव्हणा हात पुसत आला. भावानं त्यालाबी कुंकू लावलं. पिशवीतून तसलीच टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली, तसलाच टावेल दिला. सरपंच छताकडं बघायला लागले. आन् मी काय बघत होतो? भावाचे पाय. दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर उभा होता तो. एक पाय देवाच्या खोलीत, एक पाय दाराच्या खोलीत. ह्यानं मुद्दाम असं केलं का गर्दीत जागाच तेवढी होती, हे मला आजपस्तोर कळलं न्हाई.

संध्याकाळी मंडळी गेल्यावर पाव्हणा ओट्यावर बसला, टोपी अजून डोक्यावर. खूश होता. "बघ, दोघांना सारखाच आहेर केला तुझ्या भावानं." मग माझ्या कमरेची सुपारी मागून घेतली, अडकित्त्यात धरली आन् दाबली. पहिल्यांदा फुटली न्हाई. "बायको लई कडक केलीस बाबा," म्हणला. दुसऱ्यांदा फुटली, तवा अर्धी मला दिली, अर्धी स्वतः तोंडात टाकली.

मी म्हणलं, "त्यानं तुला घरचा म्हणून केला, का पाव्हणा म्हणून?"

"टोपी ती टोपी. तू लांडगा नसला तरी काठी घेऊन बसतोस."

बसतो. काय करू? कोर्टानं आमाला लगीन दिलं न्हाई, त्याचं मला तेवढं वाटलं न्हाई. पण पाठच्या भावाचे पाय बघत बसायची वेळ माझ्यावर आणली, त्याचा राग येतो. भाऊ चांगला असंल. असंलच. मला कवळ्यात धरून नेताना तो खराच रडत होता, हे मला आता पटतं. पण ज्यानं हे घर डोक्यावरून आणलं, त्यानं म्हातारपणी ह्या घरात ऱ्हायचं का न्हाई, हे भावाच्या चांगुलपणावर ठरणार. मग भावजयीच्या. मग पोरांच्या, आन् उद्या येणाऱ्या सुनांच्या. हक्क असला असता तर मला भावाचा संशय घ्यावा लागला नसता, नुसती माया करता आली असती. ते सुखसुदिक मला मिळालं न्हाई.

दुसऱ्या दिशी सकाळी भाऊ काट्याच्या वाड्यातनं त्याची मेंढरं सोडत होता, तिथं गेलो. म्हणलं, तोंडावर इचारून मोकळं व्हावं.

"काल पाव्हण्याला आहेर केलास, तो घरचा म्हणून का पाव्हणा म्हणून?"

एका कोकराच्या गळ्यातली दोरी सैल होती, ती सोडून परत बांधली. मग उठून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. लई मायेनं ठेवला, खोटं कशाला बोलू.

"दादा, हे कावून इचारायलाव? तुमी हाव तवर त्यांना कोण काय म्हणणार हाय?"

आन् मेंढरं घेऊन गेला.

मी तिथंच उभा ऱ्हायलो. तुमी हाव तवर. त्यात एक शब्द वाईट न्हाई. भाऊ माझ्यासंगं खोटंबी बोलला न्हाई.

त्या दिवसापासून मी गोळी चुकवत न्हाई. सकाळची सकाळी, रातची राती, आन् पाव्हण्यानं म्हणायच्या आधी. त्याला लई आनंद झालाय. हॉटेलात सांगत फिरतो, "वीस वर्सांत म्हाताऱ्यानं पहिल्यांदा माझं ऐकलं." मी म्हणतो, ऐकलं बाबा तुझं.