लॉरीच्या पोटाखालचं मीठ

मीठ सांडलं की माझी आई म्हणायची, पुढच्या जन्मी पापण्यांनी वेचावं लागेल. इथे एडिनबराच्या बाहेर, आमच्या रस्त्यावर, बर्फ धरू नये म्हणून कौन्सिलची गाडी थंडीभर मीठ सांडत जाते. तिला कोण काय सांगणार? वेचायचं मात्र आमच्याकडे आलं.

आमच्या ह्यांची स्वतःची लॉरी होती. डाळ-तांदूळ, पीठ, मसाले गावोगावच्या दुकानांत पोचवायचे. मुलगा म्हणायचा, बाबा, आता बसा की घरी. हे म्हणायचे, "लॉरी सरकारी टेस्ट पास होतेय ना दरवर्षी? होतेय तोवर चालवतो."

मिठाने लोखंड गंजतं, म्हणून संध्याकाळी घरी आले की चहाच्या आधी लॉरी धुणं. मी होजपाइप धरायची, हे ब्रश. चाकांमागे चिखलाचे पोपडे आणि त्यात ते मीठ. वरवरचं निघायचं. खाली चॅसीच्या सांगाड्यापर्यंत वाकायला ह्यांची कंबर तयार नाही, आणि माझे गुडघे तर काय, विचारूच नका.

"अहो, पोटाखाली राहिलंय."

"तू पाणी मार गं. जाईल."

पाणी मारून हात असे बधिर व्हायचे, की नंतर चहाचा कप धरवत नसे.

मग दिवाळीनंतर ह्यांना कल्पना सुचली. "तू विळीला तेलाचं बोट लावतेस, म्हणून ती गंजत नाही. बरोबर?"

"आधी घासते, पुसते, मग लावते," मी म्हटलं. पण ऐकतील तर ना. काठीला जुना टॉवेल बांधला आणि चकल्यांचं उरलेलं तेल काठी पोचेल तिथवर फासलं. लॉरीला फराळाचा वास सुटला.

"आता दुकानदार लॉरीच खायला मागतील," मी म्हटलं.

"वास येतोय म्हणजे तेल बसलंय," हे खूश.

टेस्टच्या आधी गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने लॉरी वर उचलली, खालून स्क्रूड्रायव्हर टोचला. चकलीत जावा तसा तो आत गेला. "तेल भरपूर लावलंय," तो म्हणाला, "पण चिखल आणि मीठ आत ठेवून वर झाकण घातलंत." वेल्डिंगला धरायला धड लोखंडच उरलं नव्हतं.

"आणि आता नीट घासलं तर?" हे विचारत राहिले. "अगदी नीट घासलं तर?"

तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच ह्यांना समजावीन.

भंगारवाला सोमवारी यायचा होता. रविवारी संध्याकाळी मी बाहेर आले, तर हे पुठ्ठा अंथरून कसेबसे लॉरीखाली शिरलेले. नुसते बूट दिसत होते.

"अगं, पाणी सोड."

मी नळ सोडला. दुसरं काय करणार होते? तेवढ्यात कौन्सिलची गाडी मीठ टाकत दारावरून गेली. खडे उडून टायरांवर वाजले.

"निघतंय," हे खालून म्हणाले. "बघ, सगळं निघतंय."