लाल गोळी, कोरा चहा

धडगावच्या वरच्या अंगाला एका वळणावर जीपवाला गाडी थांबवतो आणि "आता पुढं पायी" म्हणून मोकळा होतो. तिथून अर्धा डोंगर चढलं की कमलीबाईचं घर लागतं. पाड्यावर कुणालाही विचारा, घर दाखवतील. आणि दाखवता दाखवता आवाज खाली करून सांगतीलही, की हीच ती, सुनेच्या गोळ्या फेकणारी. असलं काही सांगायला माणसांना आग्रह करावा लागत नाही.

बाई अंगापिंडाने थोराड, तोंडाने फटकळ. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून सोलून बोटांची कातडी चिकाने काळी पडलेली, ती पावसाळ्यातही उजळत नाही. तिच्या हातचं आमचूर, म्हणजे कैरीच्या वाळवलेल्या फोडी, पांढरंशुभ्र. धडगावचा व्यापारी गोणीत हात घालायच्या आधीच ओळखतो की हे कमलीबाईचं. भाव येईल तसं सगळं आमचूर ती विकायची आणि त्यावर चहा, साखर, मीठ आणायची. आमचूर घरात खायचं म्हणजे तिला उधळपट्टी वाटे. घरात खायला रेशनचा तांदूळ, मक्याची भाकर आणि दिवसातून चार वेळा कोरा चहा. दूध घालायचं तर दूध असावं लागतं.

राजेंद्र तिचा एकुलता एक. त्याची बायको रविना मोलगीकडची, बारीक चणीची, हसरी. कमलीबाईला मुलगी नव्हती, आणि ही पोर आल्या दिवसापासून सासूची वेणी घालायला बसायची. बाहेर कुणाला सरळ न बोलणारी कमलीबाई घरात सुनेपुढे अगदी विरघळून जायची. पाड्यावर तिची थट्टा व्हायची, आणि तिला ती आवडायची.

रविनाला दिवस गेले तेव्हा रोहिणी नर्सबाई पहिल्यांदा गोळ्या घेऊन आल्या. रोहिणीबाई खालच्या, म्हसावदच्या, बोलणं अहिराणी. लोहाच्या लाल गोळ्यांची पट्टी त्यांनी पुढे केली तशी कमलीबाई खो खो हसली.

"राजेंद्रच्या वेळी मलापण दिल्या होत्या. मी कोंबड्यांना घातल्या! गोळ्या खाल्ल्या की पोर पोटात मोठं होतं, मग अडतं. मला काय मरायचं होतं? कोंबड्यांनी अंडी मात्र झकास दिली."

दारात जमलेल्या बाया हसल्या, राजेंद्रही हसला. डोंगरातल्या निम्म्या बायांनी हेच केलेलं होतं. फक्त त्यांनी ते नर्सबाईसमोर बोलून दाखवलं नव्हतं. रोहिणीबाई हसल्या नाहीत.

दिवाळी झाली आणि राजेंद्र ऊसतोडीला गुजरातेत गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी झऱ्यावरून पाणी आणताना रविना चढावर घेरी येऊन पडली. हंडा गडगडत खाली गेला. कमलीबाईने तिला उचललं तर ओठ भाकरीच्या पिठासारखे पांढरे. रक्त तपासलं, ते आठ भरलं. अकरा तरी हवं, असं रोहिणीबाई म्हणाल्या.

त्या दिवशी कमलीबाईचा कोंबड्यांचा विनोद संपला. ती घाबरली, खरोखर घाबरली. अडलं तर अडलं, पण पोर आणि त्याची आई दोघं जगायला हवीत, असं तिने मनाशी ठरवलं. गोळ्यांची पट्टी तिने स्वतःच्या कमरेच्या पिशवीत ठेवली आणि रोज आपल्या हाताने गोळी काढून द्यायला लागली.

पण गोळी पोटात ठरेना. पाण्याबरोबर घेतली की रविनाला मळमळायचं, घशाला लोखंडाची चव यायची आणि सगळं उलटून पडायचं. मोबाईलला रेंज फक्त टेकाडावरच्या मोहाच्या झाडाखाली. कमलीबाई तिथे जाऊन राजेंद्रपुढे रडली.

"पाण्यासंगे नको देऊ, चहासंगे दे," राजेंद्र म्हणाला. "कडक कर. मुकादमाच्या मोबाईलवर दाखवलं मला. काळ्या चहात अँटी... अँटी काहीतरी असतं. रक्त साफ होतं, ताकद येते. एक डॉक्टरच सांगत होता. मी चांगला चहा पाठवतो."

आणि पाठवला त्याने. गावाकडे येणाऱ्या जीपवाल्याच्या हाती मोठं पाकीट आलं. दिवसभर ऊस तोडून हातांची सालटं निघालेल्या पोराने बायकोसाठी पाठवलेला काळाकुट्ट, वासाचा चहा. कमलीबाईने तो डोक्याला लावला.

चहाबरोबर गोळी पोटात राहायला लागली. उलटी बंद. रोज सकाळी कमलीबाई पेलाभर चहा कडू होईतो उकळायची, त्यात मूठभर साखर टाकायची, सुनेला समोर बसवून गोळी गिळायला लावायची आणि मग जीभ उचलून दाखवायला लावायची. रविना हसायची. "आई, मी काय लहान आहे?" कमलीबाई ऐकत नसे. उभ्या पाड्यात एवढं डोळ्यांत तेल घालून कुणी कुणाला गोळ्या दिल्या नसतील.

रोहिणीबाई मध्ये एकदा आल्या. घाट चढून दमलेल्या. कमलीबाईने त्यांच्याही हातात पेला दिला. "घे माय, मन्हासमोर घे," असं त्या रविनाला म्हणाल्या. रविनाने गोळी तोंडात टाकली आणि वर चहाचा घोट घेतला. नर्सबाईंनीही आपल्या पेल्यातला घोट घेतला. "शाब्बास," म्हणाल्या, आणि पुढच्या पाड्याला गेल्या. चहा मात्र चांगला झालाय, असंही म्हणाल्या.

आठव्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं. वाढायचं सोडून ते सातवर आलं होतं.

रोहिणीबाईंचा पारा चढला. "गोळ्या पोटमा जातीस, तर रक्त वाढतं नही का? तुम्ही फेकी देतस! माले नका शिकाडू, माले सम्दं माहीत शे."

"नाय बाई. मीच देते, हातानं देते," कमलीबाई मोडक्यातोडक्या मराठीत सांगू लागली. तिचं खरं बोलणं पावरीतलं. तिथे ती दहा जणांना पुरून उरली असती. इथे तिला शब्द सापडेनात.

"कोंबड्यासले देस तू. तूच सांगेल शे ना?"

नर्सबाईंनी रोज दोन गोळ्या घ्यायला सांगितल्या. दोन गोळ्या म्हणजे दोन पेले चहा. कमलीबाईने साखर वाढवली. राजेंद्रचं पाकीट संपत आलं तेव्हा त्याने दुसरं पाठवलं.

बाळंतपण दवाखान्यातच झालं. मुलगी झाली, लहानशी, अडली बिडली नाही. पण नंतर रविनाचं रक्त थांबेना. जिच्या अंगात भरपूर असतं तिने तेवढं सोसलं असतं. हिच्याकडे सांडायला होतं काय? मोठ्या दवाखान्यात नेताना, घाट उतरता उतरता, कमलीबाईच्या मांडीवर तिने मान टाकली. दुसऱ्या मांडीवर पोर रडत होती.

राजेंद्र आला तेव्हा सगळं उरकलं होतं. रोहिणीबाईही भेटायला आल्या होत्या. त्यांना वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण वाईट वाटलं की माणूस आधी आपले हात झटकतो. "मी सांगी सांगी थकनी," त्या चारचौघांत म्हणाल्या, "पन गोळ्या पोटमा गयातच नहीत."

राजेंद्रने आईकडे पाहिलं. त्याला कोंबड्या आठवल्या. त्याने एक शब्दही विचारला नाही, आणि न विचारणंच कमलीबाईला जास्त लागलं. तिने शपथा घेतल्या, छाती बडवून घेतली, कमरेच्या पिशवीतल्या रिकाम्या पट्ट्या सगळ्यांपुढे ओतल्या. रिकाम्या पट्ट्यांनी काय सिद्ध होतं? कोंबड्यांना घालायच्या तरी पट्ट्या रिकाम्याच कराव्या लागतात. त्या दिवसापासून राजेंद्र आपली भाकर आपण थापू लागला.

एकच गोष्ट तो लोकांना पुन्हा पुन्हा सांगायचा. "मी लांब होतो, काही करू शकलो नाही. पण चहा तेवढा वेळेवर पाठवला. तेवढं तरी माझ्या हातून झालं." त्या दोन पाकिटांवर तो पोरगा उभा होता.

नातीचं नाव रुपा. तिला कमलीबाईनेच वाढवलं. शेळीच्या दुधावर, तांदळाच्या पेजेवर, आणि पुढेपुढे बशीतल्या चहावर. पोर चालायला लागली, दाराशी पडलेली माती उचलून खायला लागली. तेव्हा रोहिणीबाईंची बदली होऊन त्यांच्या जागी रुचिका नावाची नवी पोरगी आली होती. तिने रुपाच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, हात बघितले, आणि लोहाच्या औषधाची बाटली दिली. तेवढ्यात रुपाने बशी पुढे केली.

"अहो आजी, चहा नका पाजू हिला!" रुचिका म्हणाली. "चहा पोटात असला की लोह अंगाला लागतच नाही. वाया जातं सगळं."

कमलीबाईने बशी खाली ठेवली. "पण त्यात ताकद असते ना? अँटी... काहीतरी?"

रुचिकाला हसू आलं. "अँटिऑक्सिडंट. असतात, खोटं नाही. पण चहातली तीच द्रव्यं लोहाला धरून बसतात, अंगात शिरू देत नाहीत. औषध आंबट काहीतरी देऊन पाजा. लिंबू नाही तर आमचुराचं पाणी. आंबटाने लोह चांगलं लागतं. आमचूर तर तुमच्याकडे आहेच की!" आणि तिने कोपऱ्यातल्या गोणीकडे बोट दाखवलं. कमलीबाई त्याच गोणीला टेकून बसली होती.

"लाल गोळीचंही तसंच?"

"हो, तसंच. गोळीच्या आधी, नंतर तासभर तरी चहा नको."

"हे आत्ता कळलं का तुम्हाला?"

"छे, कधीचं माहीत आहे. आम्हाला सगळ्यांना शिकवतात."

सगळ्यांना शिकवतात! मोबाईलवरचा डॉक्टर खोटं बोलत नव्हता. तो ज्यांच्या अंगात रक्ताला तोटा नाही, त्यांच्याशी बोलत होता. रोहिणीबाईंना माहीत होतं, पण त्यांच्या हातात पेला होता. आणि कमलीबाईच्या पाठीला टेकून तो आंबट पदार्थ गोणीच्या गोणी पडून होता, ज्याच्या बदल्यात तिने तो चहा आणि साखर आणली होती. ती रडली नाही. चूल पेटवायला गेली आणि पेटवायची विसरून तशीच बसून राहिली.

मग दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात आली. आता राजेंद्रला सांगता येईल! गोळ्या फेकल्या नव्हत्या. एकेक गोळी पोटात गेली होती. नवी नर्सबाई साक्षीला आहे. दोन दिवाळ्या उरावर घेतलेला दगड उतरेल. दिवसभर ती वाक्यं जुळवत राहिली.

दिवाळी होऊन गेली होती, राजेंद्र दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला निघणार होता. त्याच संध्याकाळी तो समोर येऊन उभा राहिला. "रुपाला मोलगीला सोडतो, तिच्या आजोळी," तो म्हणाला. "हिलाही आता औषध सुरू झालंय. तुझ्याकडे नाही ठेवत. मागे जे झालं ते पुन्हा नको."

"राजेंद्र, मी गोळ्या..."

"खरं सांग," तो एकदम ओरडला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने विचारलं होतं. "माझी शपथ घेऊन सांग. मी तिकडून तिच्यासाठी चहा पाठवत होतो, पोटाला चिमटा घेऊन पाठवत होतो. तू एवढीशी गोळी देऊ शकली नाहीस? फेकल्यास ना?"

कमलीबाईने त्याच्याकडे पाहिलं. बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं, बोटांवर उसाच्या पाचटाचे जुने वण. जुळवलेली सगळी वाक्यं तिच्या जिभेवर होती. खरं सांगितलं तर ती सुटणार होती, रुपा तिच्यापाशी राहणार होती. आणि ती चहाची दोन पाकिटं घेऊन तो कुठे जाणार होता?

"हो," ती म्हणाली. "फेकल्या. कोंबड्यांना घातल्या."

राजेंद्रने डोळे मिटले. मग त्याने रुपाला उचललं. कमलीबाई आत गेली, गोणीत हात घालून आमचूर काढलं, फडक्यात बांधलं आणि औषधाच्या बाटलीसकट त्याच्या पिशवीत कोंबलं.

"मोलगीत सांग, हे भिजवून त्या पाण्यासंगे औषध पाजा म्हणावं. आणि पोरीला चहा देऊ नका."

"का?"

"दात किडतात," कमलीबाई म्हणाली, आणि कैऱ्यांनी काळे झालेले हात पदराला पुसत राहिली.