नंदादीपाशेजारची बाटली

वैद्यकीय महाविद्यालयातल्या शिक्षकमित्रहो, अनसिंग गावातून, सखूच्या घरून लिहितो आहे. समोर माझी मधुमेहाची रुग्ण सखू बेशुद्ध पडली आहे.

दोन महिन्यांपूर्वी तिला वॉर्डातून घरी पाठवताना मीच तिच्या आईला बजावलं होतं, "इन्सुलिन जिवापाड जपा."

"रोज सुई देऊन राह्यली मी," आई आज म्हणाली. "बाटली देवाजवळच ठेवली, सायेब. नंदादीपापाशी. घरात त्याहून जपून ठेवाची जागा कोनती?"

बाटली हातात घेतली तर कोमट लागली. औषध उष्णतेनं केव्हाच निकामी झालं होतं. सोबत आणलेलं चांगलं इन्सुलिन टोचलं, रुग्णवाहिकेची वाट पाहतो आहे, पण फार उशीर झाला आहे.

पंधरा वर्षं चयापचय शिकवतो, त्यावर संशोधन करतो. 'रांजणाखालच्या थंड, ओल्या वाळूत ठेवा', एवढंच सांगायला हवं होतं; तेच राहिलं. तुम्ही तरी सांगता का?