उलट्या पट्टीची चटई

फुआतिनोच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून लाकडी पट्टीला बांधलेली होती, आणि ती मोडणाऱ्या पोराच्या घरचे लोक पहाटेपासून तिच्या काकांच्या अंगणात मान खाली घालून बसले होते. शनिवारच्या नाचाला ती फेतूला 'नाही' म्हणाली, एवढाच तिचा अपराध. त्याने हात पिरगळला.

सवाई बेटावरच्या त्या घराला नुसते खांब, भिंत नाही. न बघायची सोयच नव्हती. फेतूचा आजा, त्याच्या घरचा मुखिया, जमिनीवर वाकून बसलेला आणि अंगावर बारीक विणीची चटई पांघरलेली. तुइलागीकाकांनी ती उचलली की माफी झाली, मग पोलिसात तक्रारही नाही. नाही उचलली तर म्हाताऱ्याने उन्हात बसून राहायचं.

काका कोको फुंकून पीत होते.

"काका, उचलू नका. तुम्ही मला ठाण्यावर न्यायचं कबूल केलंय."

"केलंय की. पण म्हातारं माणूस दारात बसलंय, पोरी. उद्या आपल्या पोरांनी शेण खाल्लं, तर तिथे मला बसावं लागेल."

"बोटं माझी मोडलीत!"

"आणि त्या बोटांना वाढवलं कोणी?" काकू चुलीजवळून म्हणाल्या. "सात वर्षांची आलीस, आईबाप नसलेली. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत."

काकांनी खरोखरच जीव लावला होता, तापात उशाशी बसले होते. वाईट असते तर बरं झालं असतं, तिला वाटलं; भांडता तरी आलं असतं.

ऊन चढलं तसे काका उठले आणि त्यांनी चटई उचलली. भाषणं झाली, दोन्हीकडचे पुरुष ढसाढसा रडले. फेतूने काकांची क्षमा मागितली. फुआतिनोकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. मग काकांनी चटई आणून तिच्यापुढे ठेवली.

"ही तुला. झालं ना आता?"

तिने उलगडली. कोपऱ्यात एक पट्टी उलटी गेली होती. त्या चुकीवरून काकूंनी महिनाभर टोमणे मारले होते. केवड्याची पानं सुतासारखी चिरून दीड वर्ष तिनेच ही विणली होती, ह्याच बोटांनी. गेल्या साली काकांनी ती फेतूच्या आजीच्या मयताला नेऊन दिली, तिला न विचारता.

असल्या मानाच्या चटईवर कोणी बसत नाही. फुआतिनोने ती सगळ्यांसमोर पसरली आणि मधोमध मांडी ठोकून बसली.

"ऊठ! अगं, अब्रू घालवतेस आमची!" काकू किंचाळल्या.

"ते बसले, तुम्ही त्यांना उठवलंत," ती काकांना म्हणाली. "आता मी बसलेय. ठाण्यावर न्याल तेव्हाच उठेन."

काका पाहुण्यांकडे बघून कसंनुसं हसले.

"पोरीला ताप आहे," ते म्हणाले. "मनावर घेऊ नका. चला, जेवून घ्या."

ती बसूनच राहिली. वाढणाऱ्या बायका ताटं घेऊन तिला वळसा घालून गेल्या.