मुकादमाचा पट्टा

निजामाच्या तुरुंगात आम्ही जे बरोबर होतो, त्यातले दोघं-तिघं भेटलो की किस्से निघतातच. एकाचा संपतो न संपतो तोच दुसरा म्हणतो, "अन् ते आठवतंय का?" चहा गार होतो. हसायचं म्हणून सुरू करतो अन् मधेच कुणीतरी तो गार चहाच पिऊन टाकतो.

*

बिरूबा ईट गावचा धनगर. चराईच्या भांडणात त्याच्या काठीनं एक माणूस मेला, म्हणून आत आलेला. पण इतका मऊ माणूस मी पाहिला नाही! मी तेरचा शाळामास्तर, तिरंगी झेंडा धरला म्हणून आत. पहिल्या दिवशी मी भाकरी तशीच हातात धरून बसलो, तर यानं आपल्या वाट्याचा कांदा माझ्यापुढं सरकवला. "खावा मास्तर. लई इचार करू नगा."

*

पुढं तुरुंगाच्या दारोगानं त्याला मुकादम केलं. म्हणजे कैदीच, पण बाकीच्या कैद्यांवर देखरेख करणारा. कमरेला चामडी पट्टा, हातात काठी. पहिल्या संध्याकाळी मोजणीला तो म्हणाला, "बसा मंडळी." दुसऱ्या दिवशी नुसतं "बसा." आठवडा व्हायच्या आत "बस रे!" अन् पाठीत काठी!

"बिरूबा, अहो मी मास्तर!"

"मास्तर भाईर! हितं मान खाली घाल!"

*

आप्पांचं उलटं. नळदुर्गचे व्यापारी, चळवळीतल्या पोरांना दुकानात लपवलं म्हणून धरलेले. आले तेव्हा दारोगालाही मराठीत अन् कानडीत झाडायचे. बिरूबानं त्यांनाच जास्त बडवलं. हळूहळू आप्पांचा आवाजच गेला. एकदा मला विचारतात, "सरकार, पाणी पिऊ का?"

"आप्पा, मीपण कैदीच आहे!"

"व्हय सरकार," म्हणाले अन् तसेच उभे. मी "प्या" म्हणालो, तेव्हा प्यायले.

*

उन्हाळ्यात खडी फोडताना आप्पा तापानं कोसळले. बिरूबानं इकडंतिकडं बघितलं अन् त्यांना उचलून लिंबाच्या सावलीत बसवलं. "बसा आप्पा. कुनी न्हाय." नेमका दारोगा आला! त्यानं तिथंच बिरूबाचा पट्टा काढून घेतला. आप्पांचा ताप उतरल्यावर तोच पट्टा आप्पांच्या कमरेला बांधला.

आम्हाला वाटलं, चला, आता सुख! आप्पांनी पहिली काठी कुणाला मारली? बिरूबाला! अन् तो धिप्पाड गडी हात जोडून "चुकलं सरकार, चुकलं सरकार" करत होता. काय चुकलं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

*

हिंदुस्थानची फौज आली. दारोगा पळाला, फाटक उघडं पडलं. काठ्या-पट्टे तिथंच टाकून सगळे बाहेर धावले. रस्त्याला लागायला बाजरीच्या रानातून पायवाट होती, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. तुरुंगात शिरस्ता असा, की कैदी पुढं अन् मुकादम काठी घेऊन त्याच्या पाठीमागं. पुढच्याच्या पाठीत काठी कधी बसेल, नेम नसायचा. मी पायवाटेला लागलो. माझ्यामागं आप्पा अन् बिरूबा, दोघंच राहिले होते.

"बिरू, हो पुढं," आप्पा म्हणाले.

"न्हाय आप्पा, तुमी व्हा म्होरं."

"अरे हो की!"

"न्हाय जी. तुमीच."

बराच लांब गेल्यावर मी वळून बघितलं. ना शिपाई, ना पहारा. अन् पायवाटेच्या तोंडाशी ते दोघं एकमेकांकडं तोंड करून अजून उभेच होते!